बोट दिलं, आता मनगट?

मित्रांनो, एक साधा प्रश्न. तुमच्या नावावर एकूण नंबर किती आहेत, कधी मोजलेत का? रोल नंबर, पीआरएन, सीट नंबर, रूम नंबर, मोबाईल, बँकेचं खातं, पॅन, आधार आणि आता त्यात अपार आयडीची भर. ओरलला एक्स्टर्नल सर "नेक्स्ट, बेचाळीस" म्हणतात आणि बेचाळीस नंबरचा गडी जर्नल सावरत निमूटपणे आत जातो. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

याच गोष्टीवर शंभर वर्षांपूर्वी एका इंजिनिअरने अख्खी कादंबरी लिहिली होती. येवगेनी झाम्यातिन हा रशियन माणूस जहाजबांधणीचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या कामावर देखरेख करायला तो इंग्लंडला गेला होता. परत आल्यावर १९२०-२१ च्या सुमारास त्याने 'वुई' म्हणजे 'आम्ही' ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या माणसांना नावंच नाहीत, नुसते नंबर. नायक डी-५०३, तोही आपल्यासारखाच इंजिनिअर, अवकाशयान बांधणारा. घरांच्या भिंती काचेच्या, आणि पडदा ओढायचा तर परवानगी हवी! पुस्तक इंग्रजीत १९२४ साली आलं. त्याच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडलं.

पुढे १९४९ साली जॉर्ज ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर' आलं. (हा ऑर्वेल जन्मला आपल्या बिहारमध्ये, मोतीहारीला.) १९९७ च्या 'गॅटाका'त ऑफिसच्या गेटवर बोटाचं रक्त तपासून माणसाला आत सोडतात. २००२ च्या 'मायनॉरिटी रिपोर्ट'मध्ये रस्तोरस्ती डोळ्यांचं स्कॅनिंग चालतं आणि नायकाला पळून जाण्यासाठी चक्क डोळे बदलून घ्यावे लागतात. होस्टेलच्या हार्डडिस्कवर असे सिनेमे बॅचमागून बॅच फिरत असतात, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही.

तर आधारचा विषय निघाला की मेसच्या टेबलावर हमखास दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "हा बिग ब्रदरच आहे, सरकारला आपलं सगळं कळतंय." दुसरी म्हणते, "कर नाही त्याला डर कशाला? नंबर दिला म्हणून आभाळ कोसळलं का?" दोघांचंही ऐकून घेतल्यावर मला असं वाटतं की दोन्ही पार्ट्या चुकीचा सिनेमा बघतायत. कसं ते सांगतो.

आधी आधारची बाजू प्रामाणिकपणे मांडू. जानेवारी २००९ मध्ये विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झालं, नंदन नीलेकणी त्याचे अध्यक्ष झाले. पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच महाराष्ट्रात. नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली नावाचं आदिवासी गाव, तारीख २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी स्वतः हजर होते. गाव मुद्दाम निवडलेलं. ज्याच्याकडे जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, सातबाराही नाही, त्याला "मी हा आहे" हे सिद्ध करता यावं असा त्यामागचा विचार. हा विचार वाईट होता असं कोण म्हणेल? कागद नाही म्हणून कचेरीतून हाकलून लावलेला माणूस आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावात सापडेल.

इंजिनिअरिंगच्या नजरेनेही काम कच्चं नाही. नंबर बारा आकडी. सुरुवातीला ० किंवा १ येत नाही. शेवटचा आकडा तपासणीचा, व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या पद्धतीने काढलेला. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर लगेच पकडलं जातं. नंबरात जात, गाव, जन्मतारीख काहीही लपवलेलं नाही. दहा बोटं, दोन डोळे आणि चेहरा घेतात ते मुख्यतः एकाच माणसाने दोनदा नंबर घेऊ नये म्हणून. पुढे पडताळणीत मशीन विचारतं, "हा तोच का?" आणि उत्तर येतं "हो" किंवा "नाही". आज १३० कोटींहून जास्त नंबर दिले गेलेत. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड मजूर कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तरी तिथल्या दुकानात त्याचं रेशन उचलता येण्याची सोय याच नंबरामुळे झाली. हे सगळं मान्य करायलाच हवं.

मग अडचण कुठे? अडचण त्या "नाही"मध्ये आहे.

विज्ञानकथेतलं मशीन कधी चुकत नाही, म्हणून आपण त्याला घाबरतो. खऱ्या आयुष्यातलं मशीन चुकतं. १९८५ साली टेरी गिलियमचा 'ब्राझील' नावाचा सिनेमा आला होता. त्यात सरकारी छपाईयंत्रात एक किडा पडतो आणि 'टटल'चं 'बटल' होतं. झालं! एका भलत्याच माणसाला घरातून उचलून नेतात आणि त्याच्या बायकोकडून रीतसर पावतीवर सही घेतात. त्या ऑफिसात दुष्ट कुणीच नाही. प्रत्येक जण आपापला फॉर्म बरोबर भरतोय. माझ्या मते आपण बघायला हवा तो सिनेमा हा.

रेशन दुकानावर उभं राहून बघा. जन्मभर खुरपणी केलेल्या, ऊस तोडलेल्या, वीटभट्टीवर राबलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. पॉस मशीनवर अंगठा ठेवला तर मशीन घेत नाही. "आजी, हात पुसा. पुन्हा ठेवा. दुसरं बोट ठेवा. सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." उद्या म्हणजे आणखी एक रोज बुडाला. नियमात पर्याय आहेत, डोळ्यांचा आहे, ओटीपीचा आहे. पण मोबाईल नंबर जोडलेला नसेल, फोन पोराबरोबर पुण्याला गेलेला असेल, तर ओटीपी यायचा कुठे? आणि गंमत बघा, एके काळी सही न येणाऱ्याला आपण अंगठाछाप म्हणून हिणवायचो. आता पदवी घेतलेले आपण सगळेच अंगठाछाप झालो आहोत, आणि ज्यांचा अंगठा खरा झिजला तेच रांगेबाहेर!

कुणी म्हणेल, मशीन शंभरात नव्व्याण्णव वेळा तर बरोबर चालतं ना? परीक्षेत नव्व्याण्णव मिळाले तर आपण पेढे वाटू. पण हिशेब करा. समजा, एका तालुक्यात ५०,००० रेशनकार्डं आहेत आणि चूक फक्त एक टक्का आहे. म्हणजे दर महिन्याला ५०० घरांत धान्य पोचत नाही. ती चूक सगळ्यांवर सारखी वाटली गेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण ती वाटली जात नाही. म्हातारा, कष्टकरी, एकटी बाई यांच्याच वाट्याला ती पुन्हा पुन्हा येते. २०१७ साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात आधारशी न जोडलेलं रेशनकार्ड रद्द झालेल्या घरातली ११ वर्षांची मुलगी वारली. घरच्यांनी भूक हे कारण सांगितलं, सरकारने आजार सांगितला. कारणावर वाद झाला, पण कार्ड बंद होतं हे तर खरंच.

आपल्या राज्यातलंच ताजं उदाहरण घ्या. 'लाडकी बहीण' योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली. आता जिचा नवरा गेलाय आणि वडीलही गेलेत, तिने काय करायचं? पडद्यावरचा रकाना भरल्याशिवाय पुढचं बटण दाबलं जात नाही. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच वर्षी आपल्याला शिकवतात की रिकाम्या इनपुटचा विचार आधी करा. इथे तोच राहून गेला. ओरड झाल्यावर मुदत वाढली आणि अशा बायकांनी कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत अशी सोय झाली. म्हणजे मशीनने अडवलेली वाट शेवटी एका माणसानेच, गावातल्या सेविकेनेच, मोकळी केली.

माहिती मुळात किती कच्ची असते तेही आपल्याला घरूनच माहीत आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला! गुरुजींनी शाळेत घालताना सोयीने टाकलेली तारीख. आधारवर कित्येकांची १ जानेवारी आहे. आपल्या जिल्ह्याचं नावच २०२४ मध्ये बदललं. जुन्या कागदावर अहमदनगर, नव्यावर अहिल्यानगर. क्लार्कला हे एका वाक्यात समजतं. सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं नसेल तर त्याच्या लेखी ती दोन वेगळी गावं.

आता दुसऱ्या पार्टीच्या "कर नाही त्याला डर कशाला"कडे येऊ. या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, आणि तेही आपल्या मातीत. बोटांच्या ठशांचं शास्त्र वाढलं ते भारतातच. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा हात होता. हे शास्त्र आधी वापरलं कुणावर? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या होत्या. १९११ च्या नव्या कायद्याने त्यांच्या नोंदणीबरोबर बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही आला. आपल्या नगर जिल्ह्यात ज्यांची वस्ती आहे त्या पारधी समाजाने हे सगळं भोगलंय: नोंद, हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. यात 'कर' काय होता? जन्म! हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. संशय मात्र अजून पूर्ण गेलेला नाही, हे पारधी वस्तीवरचा कुणीही सांगेल.

गांधीजींची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांना नोंदणी आणि ठसे सक्तीचे केले. त्याविरुद्धच्या लढ्यातूनच सत्याग्रह जन्मला. पण १९०८ च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा गांधीजींनी स्वतःहून नोंदणी केली, लोकांनाही करायला सांगितली. सरकारने शब्द पाळला नाही असं दिसल्यावर १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या मशिदीसमोर लोकांनी दोन हजारांवर परवाने जाळले. म्हणजे भांडण ठशाशी नव्हतं. भांडण सक्तीशी आणि मोडलेल्या शब्दाशी होतं.

शब्दाचंच बोलायचं तर आधारचा प्रवास बघा. सुरुवातीला सांगितलं, ऐच्छिक आहे. मग गॅसच्या सबसिडीला लागलं, मग पॅनला, बँकेला, मोबाईलच्या सिमला. आपल्याकडे म्हणतात ना, बोट दिलं की मनगट धरतात. इथे तर बोट अक्षरशः दिलेलं! निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली कोर्टात गेले. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालाने १९७६ चा आणीबाणीतला निकालही रद्द ठरवला. त्या जुन्या निकालात न्या. यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते, आणि तो रद्द ठरवणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड. एका मराठी घरातल्या दोन पिढ्या!

२६ सप्टेंबर २०१८ ला आधारचा कायदा चार विरुद्ध एक अशा मताने टिकला. सरकारी अनुदान आणि पॅनसाठी चालेल, बँक खातं आणि सिमसाठी सक्ती नाही, खासगी कंपन्यांना मोकळं रान नाही, असा साधारण निकाल. विरोधातलं एक मत धनंजय चंद्रचूड यांचं होतं. पण २०१९ ची दुरुस्ती आणि जानेवारी २०२५ चे नियम यांनी खासगी संस्थांसाठी मंजुरी घेऊन दार पुन्हा किलकिलं केलंच. आता शेतकऱ्यालाही वेगळा ओळख क्रमांक आहे. कृषी योजनांसाठी तो महाराष्ट्रात २०२५ पासून लागतो. एकेक नंबर सोयीचाच वाटतो. सगळे एका दोऱ्यात ओवले की झाम्यातिनची काचेची भिंत तयार व्हायला फार काही लागत नाही.

आणि भिंत काचेची असली तरी ती दोन्हीकडून दिसणारी आहे का, हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. हा प्रश्न आपल्या जिल्ह्याने देशाला विचारायला शिकवलाय. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारेंनी माहितीच्या अधिकारासाठी आंदोलनं केली. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. दहा रुपयांच्या अर्जावर गावचा माणूस विचारू लागला, "रस्त्याचे पैसे कुठे गेले? यादीत कुणाची नावं आहेत?" म्हणजे जनता सरकारकडे बघू लागली. आधारने सरकार जनतेकडे बघतं. दोन्ही नजरा बरोबरीने चालल्या तर माझी काही तक्रार नाही.

पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर अधिकाऱ्याची वैयक्तिक माहितीही मागता येत होती. आता 'वैयक्तिक' एवढं म्हटलं की नकार देता येतो. सार्वजनिक हिताचं दुसरं कलम शिल्लक आहे, पण ते वापरायचं की नाही हे ठरवणार ऑफिसच. म्हणजे माझी बोटं, डोळे, चेहरा सरकारला दिसणार आणि सरकारी यादीतलं नाव मला वैयक्तिक म्हणून दिसणार नाही. एका बाजूने आरसा, दुसऱ्या बाजूने काच. पोलिस चौकशीच्या सिनेमात असते ना, अगदी तशी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कोर्टाचं आणि संसदेचं काम, आपण सबमिशनच्या धावपळीतली पोरं काय करणार? तर मित्रांनो, हे आपलंच काम आहे. तो ई-केवायसीचा पडदा कुणी बनवला? आपल्यासारख्याच कुठल्या तरी कॉलेजातून बाहेर पडलेल्या इंजिनिअरने. दरवर्षी फायनल इयरला 'फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टिम' हा प्रोजेक्ट कुणी ना कुणी करतोच. रिपोर्टमध्ये ॲक्युरसीचा तक्ता असतो, पण ज्याचा चेहरा ओळखला गेला नाही त्याने कुणाकडे जायचं याचं एकही पान नसतं. व्हायवातही ते कुणी विचारत नाही. सर आणि मॅडमना नम्र विनंती आहे की या वर्षीपासून तो प्रश्न विचारा.

मला चारच गोष्टी सुचतात. पहिली, लागते तेवढीच माहिती घ्या. मेसमध्ये जेवलेली ताटं मोजायला बोटाचा ठसा लागत नाही, कूपन पुरतं. दुसरी, मशीन "नाही" म्हणालं तर "हो" म्हणू शकणारा माणूस ठेवा आणि त्याचं नाव भिंतीवर लावा. तिसरी, माहिती कुणी कधी बघितली याची नोंद ज्याची माहिती आहे त्याला दाखवा. आधारमध्येही आपल्या पडताळणीचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास बघता येतो आणि आपले ठसे लॉक करून ठेवता येतात. आपल्यापैकी किती जणांनी हे केलंय? चौथी, माहिती कधी पुसणार ती तारीख आधीच सांगा. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणणार?

आणि प्रश्न विचारल्याने फरक पडतो. २०१६ च्या मूळ आधार कायद्यात गुन्ह्याची तक्रार कोर्टात फक्त प्राधिकरणच करू शकत होतं. लोक भांडले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ज्याची माहिती आहे त्यालाही तो हक्क मिळाला. होस्टेलच्या किंवा कॉलेजच्या दारात उद्या नवं मशीन बसलं, तर रांगेत बोट पुढे करण्याआधी रेक्टर सरांना आदराने विचारा: हा डेटा राहतो कुठे, बघतं कोण, आणि आम्ही पास होऊन गेल्यावर त्याचं काय होतं? उत्तर मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं, तर लेखी विचारा.

झाम्यातिनचा डी-५०३ हुशार होता, मेहनती होता, गणितात पक्का होता. आपण बांधतोय ते यान कशासाठी, हे मात्र त्याने फार उशिरा विचारलं. आपल्याला उशीर करायचं कारण नाही. सुट्टीला गावी गेलात की आजीबरोबर एकदा रेशनच्या रांगेत उभे राहा. मशीन चाललं तर आनंद आहे. नाही चाललं, तर ते का चाललं नाही आणि कसं चालायला हवं होतं, हे सांगण्याचं शिक्षण आपण घेतो आहोत.